दहाही तपासण्यांत पास झालेली गाडी

जुनी गाडी बघायला जायचं असेल तर सकाळी जावं, आणि किती वाजता पोचणार ते विकणाऱ्याला सांगू नये. सांगितलंत की तो गाडी आधीच सुरू करून ठेवतो. तापलेलं इंजिन बरेच रोग पोटात घालतं. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं, मागून धूर येतो का, आणि आला तर कोणत्या रंगाचा, यावरून अर्धा निकाल लागतो. निळा धूर म्हणजे आत ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबायचं नावच घेत नसेल तर पाणी नको तिथे शिरलंय. बाकी अर्ध्या निकालासाठी गुडघे मातीत टेकवून गाडीखाली डोकं घालावं लागतं.

हे माझं काम आहे. मी जयपूरमध्ये जुन्या गाड्या तपासून देते. ज्याला गाडी घ्यायची आहे तो मला सोबत नेतो, मी तास-दीड तास गाडी बघते आणि जे दिसलं ते एका कागदावर लिहून सही करते. माझ्याकडे एक खाकी पिशवी आहे. तिच्यात रंगाचा थर मोजायचं यंत्र, टॉर्च, लांब दांड्याचा आरसा आणि बसायला गोणपाट असतं. पिशवी घेऊन मी गाडीपाशी उभी राहिले की विकणारा माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठे आहेत?" मी गोणपाट अंथरते. तेच उत्तर.

माझ्या दहा गिऱ्हाइकांतल्या सात जणांना जपानीच गाडी हवी असते. जुनी, तेरा-चौदा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, रोज कामावर नेता येईल अशी. यात वेडेपणा काही नाही. या गाड्यांची इंजिनं चिवट असतात, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि कोणताही मिस्त्री डोळे मिटून त्या खोलू शकतो. शिवाय दिल्ली जवळ आहे. तिथे पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला रस्त्यावर जागा नाही, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाड्यांचे मालक घाबरून त्या काढतात. ना-हरकतीचा कागद घेऊन त्या सीकर रोडवरच्या गाडीविक्रीच्या आवारांमध्ये येऊन उभ्या राहतात, पॉलिश केलेल्या, टायरांना काळा रंग फासलेल्या. दिल्लीला नको झालेल्या गाडीत जयपूरचा कारकून आयुष्यात पहिल्यांदा दार लावून, काच वर करून ऑफिसला जातो. मला ते बघायला आवडतं, हेही सांगून टाकते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त बँक अधिकारी इंजिनाविषयी काही विचारेनात. त्यांना एवढंच हवं होतं की या गाडीत कोणी वारलेलं नाही याची मी लेखी हमी द्यावी. एका कुटुंबाने माझ्याबरोबर पंडितजीही आणले होते. मी गाडीखाली आणि पंडितजी नंबर प्लेटसमोर. मी बाहेर येऊन सांगितलं की वर्षभरात इतकं निरोगी इंजिन पाहिलं नाही. पंडितजींनी सांगितलं की आकड्यांची बेरीज आठ येते, शनीची गाडी आहे. ती गाडी राहिली. जी घेतली तिची बेरीज शुभ होती आणि चासीला, म्हणजे सांगाड्याला, अपघातानंतरचं वेल्डिंग होतं. मी कागदावर तसं लिहून दिलं. त्यांनी तो कागद घडी घालून देवासमोर ठेवला असेल.

असो. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अकोल्याकडून बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. आमच्या घरात फर्निचर कमी आणि पत्रकं जास्त. युनियनची, जयंतीच्या कार्यक्रमांची, अंधश्रद्धेविरुद्धची, नागपुराहून पोस्टाने येणारी, पातळ पिवळ्या कागदावरची. शाळेत मी हिंदी शिकले. मराठी शिकले ती या कागदांवरून, म्हणून माझ्या मराठीत आजही दर चौथं वाक्य घोषणेसारखं येतं. बाबांचं एकच म्हणणं होतं, "कागद लोकायच्या हातात गेला पायजे. कपाटात राहिला तं तो कागद नोय, रद्दी हाय."

जयंतीला रेल्वे कॉलनीत पत्रकं वाटायला आम्ही दोघी जायचो, मी आणि वैशालीताई. ती शेजारच्या क्वार्टरमधली, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दार वाजवायला मी घाबरायचे, ती घाबरायची नाही. पुढे ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, मालवीय नगरच्या एका कोचिंग क्लासात शिकवायला लागली आणि तिथल्याच ऑफिसातल्या महेंद्र नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा जयपूरजवळच्या चौमूं गावचा, जात वेगळी, भाषा वेगळी. दोन्ही घरी काय झालं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कल्पना असेल. लग्न झालं. काही वर्षांनी महेंद्रला गुजरातेत चांगली नोकरी लागली आणि वैशालीताई चौमूंला सासू आणि दिराबरोबर राहू लागली.

डिप्लोमा झाल्यावर मी विद्याधर नगरला भंवरजींच्या गॅरेजमध्ये काम शिकले. भंवरजी साठीचे, बोटांना कायम काळं ग्रीस, बोलणं कमी. तिथे मी फसवलेल्या माणसांची रांग बघितली. कोणी आयुष्यातली पहिली गाडी घेतलेली, कोणी मुलीच्या लग्नासाठी घेतलेली, आणि दोन महिन्यांत ती दोरीने बांधून गॅरेजात आलेली. मला राग यायचा. भंवरजींना यायचा नाही, ते पाना उचलायचे. मला वाटायचं हे चूक आहे. पाना उचलणं म्हणजे एकाला बरं करणं, आणि फसवणूक तर रोज दहा जणांची चालू आहे.

म्हणून मी पत्रक काढलं.

एक पान, दोन्ही बाजूंना छापलेलं, हिंदीत. मथळा होता, "पुरानी गाड़ी लेने से पहले दस जाँच: खुद करो, किसी की मत मानो." दहा तपासण्या सोप्या शब्दांत लिहिल्या. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना बघा. ऑइलचं झाकण उघडा, आत दुधाच्या सायीसारखं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नको. गाडी अर्धा तास चालवा, तापमानाचा काटा मध्याच्या वर जाता कामा नये. अशा दहा. खाली मी लिहिलं होतं की तज्ज्ञ नावाचा नवा पुरोहित करून ठेवू नका, स्वतःचे डोळे वापरा. माझं पोट तज्ज्ञ म्हणून चालत होतं, तरीही लिहिलं. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

भंवरजींनी पत्रक वाचलं, दुसऱ्या बाजूनेही वाचलं, आणि म्हणाले, "बाईसा, हे बाजारात वाटणार?"

मी म्हटलं, रविवारच्या गाडीबाजारात, प्रत्येकाच्या हातात.

"बाजारात घेणारे किती येतात? एकदा येतात आणि जातात. विकणारा रोज तिथेच बसलेला असतो. वाचायला त्याच्याकडेच जास्त वेळ आहे."

मी त्यांना सांगितलं की ज्ञान लपवून ठेवायची ही जुनी खोड आहे आणि तिनेच या देशाचं वाटोळं केलंय. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पत्रक त्यांनी हात पुसायला घेतलं नाही, एवढा मान त्यांनी दिला.

बाबा माझ्याबरोबर बाजारात आले होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना इतकं खुश पाहिलं. दोन रविवारांत सगळी पत्रकं संपली. तिसऱ्या रविवारी विकणारेच मागायला लागले. मी त्यांनाही दिली. मला वाटलं, घाबरले.

दिवाळीच्या आधी वैशालीताईचा फोन आला. तिला गाडी घ्यायची होती. सासूबाईंनी नोकरीला परवानगी दिली होती, पण ती परवानगी अटींवर उभी होती. बसमध्ये धक्के खात बीनणी जाणार नाही, म्हणजे सून जाणार नाही. आणि दिवे लागायच्या आत घरात. आतापर्यंत तिला नेणारी एक शेअर टॅक्सी होती, ती बंद झाली. स्वतःची गाडी असेल तर चौमूं ते मालवीय नगर रोज जाऊन येता येईल, नाहीतर घरी. तिने सीकर रोडवरच्या एका आवारात चांदीच्या रंगाची एक जपानी सेडान हेरली होती, दिल्ली पासिंगची. ती म्हणाली, "मनू, तू चल ना रविवारी माझ्यासोबत. मला यातलं काय कळतं?"

मला त्या रविवारी काम नव्हतं, हे आधी नोंदवते. मी गेले नाही. मी तिला म्हटलं, तू फिजिक्स शिकवतेस, दहा गोष्टी तुला बघता येणार नाहीत का? मी आले तर पत्रक कशाला काढलं? बाईने गाडी स्वतः पारखून घ्यायला शिकलं पाहिजे. तू पारखून घेतलेली गाडी घेऊन घरी गेलीस तर त्या घरात तुझं वजन वाढेल. असं बरंच बोलले. ती म्हणाली, "ठीक आहे, मतलब परीक्षाच आहे ही. पाठव तुझा पेपर."

तिने परीक्षा दिली. आवारात उभं राहून, पत्रक हातात धरून, एकेका तपासणीपुढे पेनने बरोबरची खूण केली. बॉनेट थंड. झाकण स्वच्छ. पाणी निर्मळ. अर्धा तास चालवली, काटा मध्याच्याही बराच खाली, तिथेच निवांत. दहापैकी दहा. तिने मला खुणा केलेल्या पत्रकाचा फोटो पाठवला. मी तो बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "पाह्य, एक पत्रक कामी आलं."

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते, कारण सगळं यावरच आहे. इंजिन गरम होतं, त्याला पाणी थंड ठेवतं. पण इंजिन फार थंडही चालत नाही, म्हणून पाण्याच्या वाटेत एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत ती बंद राहते, मग उघडते. पुढे पंखा असतो, तो गरज पडली की फिरतो, गरज संपली की थांबतो. निरोगी गाडीचा काटा म्हणून मध्याच्या जरा खाली येऊन स्थिर होतो. ज्या गाडीचं इंजिन आतून तापतं, तिची झडपच काढून टाकली आणि पंख्याची तार किल्लीच्या तारेला थेट जोडून गाडी चालू असेतोवर तो अखंड फिरता ठेवला, तर थंडीच्या दिवसांत काटा वर यायचं नाव घेत नाही. रोग तसाच राहतो, ताप उतरतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मी पत्रकात लिहिलं होतं, काटा फार वर नको. काटा फार खाली असला तरी शंका घ्या, हे मी लिहिलं नव्हतं. पान भरलं होतं आणि पुरोहिताची ओळ मला गाळायची नव्हती.

संक्रांतीला वैशालीताई ती गाडी घेऊन आमच्याकडे आली. गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा चालला होता. तिने बाबांना तिळगूळ दिला, मला गाडीत बसवून दारं कशी खटकन लागतात ते दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर कॉलनीतली दारं वाजवणारी वैशालीताई परत आली होती. क्लासने तिला एक बॅच वाढवून दिली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या की आमची बीनणी मोटर चालवते. जाताना ती म्हणाली, "बाकी सगळं मस्त, फक्त हीटरमधून गरम हवा येत नाही. कोमट येते."

झडप नसलेल्या गाडीचा हीटर गरम येत नाही. पाणी तापतच नाही तर हवा कुठून तापणार? हे मला झोपेतही माहीत आहे. अनोळखी गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर मी तिथेच बॉनेट उघडायला लावलं असतं. पण ती पास झालेली गाडी होती, माझ्या परीक्षेत. मी म्हटलं, "जयपूरला हीटर लागतोच किती दिवस? शाल घे."

मे महिन्यात पंखा जळाला. सहा-सात महिने गाडी चालू असताना क्षणभर न थांबता फिरलेली मोटर, तिचा दोष नाही. हरमाड्याच्या पुढे सीकर रोडवर, दुपारी साडेचारला, लूच्या गरम झळा वाहत असताना काटा जो चढला तो लाल रेषेच्या पलीकडे जाऊन थांबला. वैशालीताईने काटा बघितला नव्हता. बघायची सवय कशी लागणार, तो तर कधी हललाच नव्हता. वाफ आली तेव्हा ती थांबली. तोवर आत हेड वाकलं होतं, म्हणजे इंजिनाचं डोकं, ते खोलून सपाट केल्याशिवाय गाडी परत चालत नाही.

तिने आधी मला फोन केला. मी दुसऱ्या टोकाला सांगानेरला एका गाडीखाली होते. फोन पिशवीत होता. सव्वासहाला बघितला. भंवरजींना घेऊन पोचेपर्यंत अंधारलं होतं. ती ट्रकवाल्यांच्या एका ढाब्यावर खाटेच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिचा दीर, दिनेश, मोटरसायकल घेऊन आमच्यासोबतच पोचला. तो वाईट मुलगा नाही. त्याने मला नमस्कार केला, वहिनीला पाणी दिलं आणि ढाब्यावरच्या माणसांकडे एकदा बघितलं. त्या बघण्यातच पुढचं सगळं होतं.

भंवरजींनी बॉनेट उघडलं, टॉर्च आत धरला आणि मला जवळ बोलावलं. पंख्याची तार थेट किल्लीच्या तारेला. झडपेच्या घराचे बोल्ट नुकतेच खोलल्यासारखे चकचकीत. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि दोरी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्या आवारात गेले. मालकाचं नाव टीकमजी म्हणू या. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आवारातली पोरं काम थांबवून बघत होती. टीकमजींनी मला बोलू दिलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मग मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे माझं पत्रक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून लावलं होतं, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "हमारी हर गाड़ी दसों जाँच में पास."

"मॅडमजी," ते म्हणाले, "नाराज का होता? पूर्वी आम्हाला कळायचं नाही, गिऱ्हाईक काय बघेल. कोणी टायर बघायचा, कोणी सीट. दहा ठिकाणी पॉलिश करावं लागायचं. तुम्ही छापून दिलंत की एवढंच बघतील. आपल्या राजस्थानात पेपर फुटतात तेव्हा निदान फोडणारा चोरून फोडतो. तुम्ही तर वाटत फिरलात."

पोरं हसली. मी चहा प्यायले नाही. बाहेर येताना त्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या बघितल्या. सगळ्यांची बॉनेटं थंड असणार, झाकणं स्वच्छ असणार. त्या गाड्या माझं पत्रक वाचून शहाण्या झाल्या होत्या.

बाबांना मी हे घरी सांगितलं. ते कपाटाकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "कागदाचा दोष नाई त्याच्यात. तू संग जायले पायजे होतं." बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माणूस कागदाच्या वर ठेवला, आणि तोही माझ्याविरुद्ध.

हेडच्या कामाला पंधरा दिवस लागले. मी दुसरं काम घेतलं नाही. हेड सपाट करून घेतलं, नवी गॅस्केट घातली, नवा थर्मोस्टॅट, नवा पंखा, आणि पंख्याची तार जिथे असायला हवी तिथे परत नेली. भंवरजींनी प्रत्येक बोल्ट स्वतः कसला. ते पंधरा दिवस वैशालीताई घरी होती. पहिला आठवडा क्लासने सुट्टी दिली, मग दुसऱ्या सरांना तिच्या बॅच दिल्या. तिने फोनवर सांगितलं की जूनची नवी बॅच सोमवारी सुरू होतेय, सोमवारी वर्गात उभी राहिले तर जागा माझी, नाहीतर त्यांची. त्या रात्रीबद्दल सासूबाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही म्हणाल्या. तेच तर."

शनिवारी दुपारी मी गाडी चौमूंला घेऊन गेले. वैशालीताई फाटकातच उभी होती, डोक्यावरून पदर. मी काच खाली केली. ती खिडकीशी वाकली आणि मराठीत बोलली, कारण त्या घरात ती भाषा तिच्याशिवाय कोणाला कळत नाही.

"ऐक. दिनेशला इथे मंडीत काम लागलंय, त्याला गाडी हवीये. सासूबाईंनी अजून ठरवलं नाहीये. तू सांग की इंजिनाचं काम झालंय, हजार किलोमीटर एकाच हाताने चालवावी लागते, माझ्याच. भंवरजी सांगतात ना गिऱ्हाइकांना, मी ऐकलंय. हजार म्हणजे बारा दिवस, मनू. बारा दिवस मी वर्गात उभी राहिले की पुढचं मी बघते."

भंवरजी तसं सांगतात, ते पूर्ण इंजिन बांधल्यावर. हेडच्या कामाला ते लागत नाही. मी तिला हेच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटक उघडून दिनेश आला.

ओसरीत सासूबाई बसल्या होत्या. लहान चणीच्या, ठेंगण्या, आवाज मऊ. त्यांनी मला जवळ बसवलं, ताक दिलं. त्यांना ती रात्र माझ्यामुळे झाली हे माहीत नव्हतं. वैशालीताईने सांगितलंच नव्हतं. उलट तिने सांगितलं होतं की मनूने त्या लबाड माणसाला त्याच्या आवारात जाऊन सुनावलं. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बेटी, बाजारात सगळेच खोटं बोलतात. तू खरं बोलणारी मुलगी आहेस, बीनणी सांगते. आता तूच सांग. गाडी ठीक झाली? काही पथ्य आहे का, की कोणीही चालवू शकतं?"

वैशालीताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होती.

मी कितीतरी गाड्या तपासल्या आहेत. एकाही कागदावर खोटं लिहिलेलं नाही. प्रश्न आला की डोळ्यांपुढे गाडी येते आणि तोंडातून जे आहे ते बाहेर येतं, मधे विचार करायला जागाच नसते. या स्वभावाचा मला अभिमान होता. टीकमजीच्या आवारात मी याच स्वभावावर उभी राहून ओरडले होते.

"गाडी एकदम ठीक आहे, माँजी," मी म्हटलं. "पथ्य काही नाही. कोणीही चालवू शकतं."

वाक्य संपलं तेव्हा मला कळलं की मी काय बोलले. परत घ्यायला अजून वेळ होता. भंवरजी म्हणालेत की थोडं जपून, असं काहीही जोडता आलं असतं. मी जोडलं नाही. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाल्या, मग दिनेश नेईल, बीनणीला आता घरी आराम मिळेल, वर्षभर किती धावली पोरगी. त्या मनापासून बोलत होत्या.

वैशालीताईने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "आणखी ताक देऊ?" तिने हिंदीत विचारलं. आजवर, त्या घरातही, ती माझ्याशी मराठीतच बोलत आली होती.

दिनेशने मला बसस्टँडपर्यंत सोडलं, त्याच गाडीतून. त्याला गाडी चालवायचा आनंद लपवता येत नव्हता. बाजारातून, खड्ड्यांतून, बैलगाडीमागून त्याने ती हळू नेली, गिअर मऊ पडतात म्हणाला, एसी छान आहे म्हणाला. मी खिडकीशी कान देऊन बसले होते. एखादी खडखड, एखादी शीळ, पट्ट्याची कुरकुर, काहीही ऐकू आलं असतं तरी मी त्याला गाडी तिथेच फिरवायला लावून घरी परत गेले असते आणि सासूबाईंना म्हटलं असतं की अजून बारा दिवस ती वैशालीताईलाच चालवू द्या. बसस्टँड येईपर्यंत मी ऐकत राहिले. गाडीत एकही दोष नव्हता.